आधी कोण, मग कोण : चार फुटी रीफ टाकीतल्या रॅसचं प्रकरण

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ही पुण्यातली, कोथरूडच्या एका फ्लॅटमधली. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. गणिताने ४५० लिटर, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की पाणी ३८० लिटरच्या आसपास. खाली संप, म्हणजे पाणी गाळून वर पाठवणारी दुसरी टाकी, संपात घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर, शेजारी पाणी गार ठेवणारा चिलर. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याच्याशिवाय पाणी २६ अंशांवर राहत नाही. मालक माझा जुना मित्र. आयटीतला माणूस, त्यामुळे क्षारता, तापमान, नायट्रेट सगळं तारखेनिशी एक्सेलमध्ये. प्रवाळ मऊच ठेवलेले : झोअँथिड, मशरूम आणि एक मोठा लेदर. दगडी प्रवाळ त्याने विचारपूर्वक टाळले आहेत, कारण ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि दुकानात मिळतंय म्हणजे कायदेशीर आहे, असं होत नाही.

प्रकरण सुरू झालं तेव्हा टाकीला वर्ष होऊन गेलं होतं. मासे चारच : ओसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश आणि एक सिक्स-लाइन रॅस (रॅस हे समुद्री माशांचं एक मोठं कुळ). सिक्स-लाइन घेतला तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढा होता. चपटे किडे आणि ब्रिसल वर्म खातो म्हणून दुकानदाराने दिला, आणि ते खरंही आहे. वर्षभर कुणाची तक्रार नव्हती. फायरफिश दिवसभर दगडाआड बसून असायचा, पण तो जातीनेच लाजरा, असं सगळे म्हणतात, म्हणून कुणी त्याची चौकशी केली नाही.

मग येलो कोरिस आला, हाही रॅसच. पिवळाधमक, सिक्स-लाइनपेक्षा थोडा लांब, पण स्वभावाने गरीब. संध्याकाळी दिवे मंद करून सोडला. पहिल्या काही मिनिटांतच सिक्स-लाइन त्याच्यासमोर अंग आडवं करून, सगळे पर ताठ करून उभा राहिला. रात्री कोरिस कसाबसा तळात शिरला. सकाळी बाहेर आला तेव्हा शेपटीचा पर फाटलेला होता. पुढचे दोन दिवस तो डोकं बाहेर काढायचा आणि सिक्स-लाइन तिथेच घिरट्या घालत असायचा. नंतर तो दिसेनासाच झाला. वहिनींनी संपाचा दरवाजा उघडला तर हा फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या पिशवीत, जिवंत. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी संपात उतरतं त्या कप्प्याच्या) जाळीवरून उडी मारून पाण्याबरोबर खाली आला होता. त्याच दिवशी मित्राचा फोन आला आणि पाठोपाठ व्हॉट्सॅपवर यादी : अजून कोणकोणते मासे घ्यायचे आहेत त्याची.

यादी

यादीत होते : सोलर फेअरी रॅस, मॅकॉस्कर फ्लॅशर रॅस, लेपर्ड रॅस, पॉसम रॅस, क्लिनर रॅस, रेड कोरिस, मून रॅस, मँडरिन आणि लेकीच्या आग्रहाखातर फ्लेम हॉकफिश. सोबत कुठला तरी 'कोण कोणाबरोबर चालतो'चा तक्ता. त्यात रॅसना मिळून एकच रकाना आणि त्यात पिवळी खूण : 'सावधगिरीने'.

या तक्त्यांवर माझा राग जुना आहे. रॅसचं कुळ पाचशेहून जास्त जातींचं आहे. त्यात सात-आठ सेंटिमीटरचा पॉसम रॅस आहे आणि दोन मीटरच्या वर जाणारा नेपोलियन रॅसही आहे, ज्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने बांधला आहे. कुणी पाण्याच्या मधल्या थरात तरंगतं प्लवक टिपतो, कुणी वाळू उपसून खेकडे फोडतो, कुणी दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. या सगळ्यांना एका रकान्यात घालून पिवळी खूण दिली, तर तिच्यावरून एकही मासा निवडता येत नाही.

मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितलं आणि दर माशापुढे तीन गोष्टी लिहून काढायला लावल्या : तो झोपतो कुठे, खातो काय आणि कुठल्या थरात, आणि टाकीत आधीपासून असलेल्या कुणासारखा तो दिसतो किंवा वागतो का.

झोपेचा प्रश्न विचित्र वाटला तरी रॅसची अर्धी निवड तिथेच होते. हॅलिकोएरेस (आपला येलो कोरिस त्यातलाच), लेपर्ड, तामरिन आणि कोरिस या जाती रात्री वाळूत पुरून घेतात. फेअरी, फ्लॅशर, सिक्स-लाइन हे दगडाच्या फटीत झोपतात. त्यांतले बरेच स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोश विणतात. मित्राच्या टाकीत तळाला जाडसर क्रश्ड कोरल, म्हणजे प्रवाळाचा भरड चुरा होता, तोही जेमतेम इंचभर. येलो कोरिसला पाच सेंटिमीटर तरी बारीक वाळू लागते. म्हणजे सिक्स-लाइनने दिवसा सोडलं नाही आणि तळाने रात्री घेतलं नाही. टाकी पाण्याच्या हिशोबाने वर्षाची आणि निरोगी होती. या माशाला मात्र तिथे उभं राहायला जागाच नव्हती.

सिक्स-लाइनचं काय करायचं

मित्राचा पहिला प्रश्न हाच होता : "एवढासा मासा, त्याच्यासाठी बाकीची यादी सोडायची?"

रॅसमध्ये आकार म्हणजे मान, आणि मान म्हणजे पुष्कळदा लिंगसुद्धा. बहुतेक जाती मादी म्हणून आयुष्य सुरू करतात आणि गटातली सगळ्यात मोठी, वरचढ मादी पुढे नर होते. याचा गाजलेला पुरावा क्लिनर रॅसवरचा आहे. १९७२ मध्ये डी. आर. रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरियर रीफवर दाखवलं की गटातला नर काढून घेतला तर सगळ्यात वरची मादी काही तासांतच नरासारखी दटावायला लागते आणि १४ ते १८ दिवसांत शुक्रपेशीही तयार करते. ज्या प्राण्याचं सगळं आयुष्य 'माझ्यापेक्षा मोठं कोण, धाकटं कोण' या मोजमापावर चालतं, त्याच्या घरात त्याच्याच अंगकाठीचा पाहुणा सोडला की तो पाहुणा राहत नाही, दावेदार ठरतो.

सिक्स-लाइनच्या बाबतीत आणखी एक अडचण. तो मुळात एकांडा, दगडांच्या फटीफटीतून फिरणारा शिकारी. चार फुटांतला प्रत्येक दगड त्याच्या रोजच्या फेरीत येतो. मोठ्या टाकीत, सगळ्यांच्या शेवटी सोडला, तर कधीकधी नीट राहतो. पण इथे तो सगळ्यांच्या आधी आलेला होता आणि वर्षभर मालकी गाजवून बसला होता. माझं मत स्पष्ट होतं : हा ठेवायचा असेल तर यादीतला एकही रॅस आणू नका. क्लाउन, एखादा रॉयल ग्रामा, एखादा दांडगा गोबी एवढ्यावर टाकी छान चालेल. यादी हवी असेल तर हा जायला हवा. मधला मार्ग सुचवणारे भेटतात, पण तो मार्ग सहसा फाटलेल्या परांवर संपतो.

मधला मार्ग त्यांनी तरीही करून पाहिला. काचेला बाहेरून आरसा टेकवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते : दांडगा मासा प्रतिबिंबाशी भांडण्यात गुंततो आणि नव्याला उसंत मिळते. सिक्स-लाइन आरशावर तुटून पडला खरा, पण काही दिवसांत त्याचा रस संपला. (२०१९ मध्ये ओसाकाच्या संशोधकांनी क्लिनर रॅसना आरसा दाखवला, तेव्हा तेही आधी भांडले, मग भांडण सोडून गळ्याला लावलेली खूण आरशात बघून वाळूवर घासू लागले. त्यावरून माशाला स्वतःची ओळख असते का, हा वाद अजून चालू आहे. आपला सिक्स-लाइन इतका खोलात गेला नाही, तो नुसता कंटाळला.)

आता पकडायचा कसा? बाटलीचा सापळा फसला. ॲक्रिलिकच्या सापळ्यात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) ठेवली, तर क्लाउन आधी आत. शेवटी त्याची झोपच कामी आली. दिवे गेल्यावर लाल टॉर्चने दोन-तीन रात्री पाहिल्यावर कळलं की तो डाव्या कोपऱ्यातल्या एकाच दगडाच्या भोकात झोपतो. दगड सुटा होता, वर थोडे झोअँथिड. एका रात्री तो अलगद उचलून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवला. सिक्स-लाइन आतच राहिला आणि सकाळी बादलीत फिरताना सापडला. ज्या दुकानातून आणला होता त्यांनीच तो परत घेतला, बदल्यात मिठाच्या पिशवीवर थोडी सूट.

दोनच दिवसांत फायरफिश टाकीच्या मध्यावर, पाण्याच्या धारेत उभा. वर्षभर आपण ज्याला स्वभाव समजत होतो ती भीती होती, हे वहिनींनी माझ्या आधी ओळखलं.

यादीतून कोण गेलं

रेड कोरिस लगेच खोडला. पिल्लू फार देखणं असतं, लाल-केशरी अंगावर काळ्या कडेचे पांढरे पट्टे, म्हणून दुकानात हमखास विकलं जातं. कोरिस गायमार्ड पूर्ण वाढला की ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, हिंदी महासागरातला त्याचा भाऊबंद फॉर्मोसा त्याहून मोठा, आणि दोघेही दगड उलटेपालटे करून खालचे खेकडे, गोगलगायी खातात. मून रॅसचं तेच. आपल्याकडे लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात तो मुबलक, स्वस्त, टणक. पण २५ सेंटिमीटरचा अखंड पळणारा मासा चार फुटांत कोंडायचा का, याचं उत्तर टाकीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की मिळतं.

क्लिनर रॅसला नाही म्हणताना मित्र हिरमुसला. समुद्रात तो माशांच्या अंगावरचे बारीक परजीवी आणि चिकटा खाऊन जगतो. टाकीत सात-आठ माशांच्या अंगावर त्याचं पोट भरेल एवढे परजीवी नसतात, आणि असतील तर टाकी आजारी आहे. काही क्लिनर फ्रोझन खाणं शिकतात, बरेचसे खंगत जातात. ज्याला सफाईचं दृश्य हवं आहे त्याने क्लिनर श्रिम्पची जोडी घ्यावी. तीही माशांची सफाई करते आणि टाकलेलं खाणं आवडीने खाते. मित्राने तेच केलं. मात्र श्रिम्प मोठे घ्यायला सांगितले. चिमुकले सेक्सी श्रिम्प येलो कोरिसच्या तोंडी लागायला वेळ लागत नाही.

मँडरिन आणि लेपर्ड या दोघांचा विचार एकत्र करावा लागला, कारण दोघांचं ताट एकच : दगडावरचे कॉपीपॉड, ॲम्फिपॉड आणि तसलेच किडे. मँडरिन दिवसभर टिपत राहतो, लेपर्डही. त्यात येलो कोरिस आणि पॉसमही तिथेच खाणार. वर्षाच्या टाकीत एवढ्यांचं भागत नाही. मँडरिन पूर्ण बाद झाला. लेपर्ड पुढे ढकलला, आणि त्यासाठी अट घातली : दुकानात तुमच्या डोळ्यांदेखत फ्रोझन खाताना दिसला तरच घ्यायचा, पोट आत गेलेलं नको, आणि तोंड नीट मिटत असायला हवं. वाळूत झोपणाऱ्या माशांना पिशवीत वाळू मिळत नाही. प्रवासात तळाशी शिरायची धडपड करताना लेपर्डच्या जबड्याला इजा होते, आणि तोंड दुखावलेला लेपर्ड क्वचितच सावरतो.

हॉकफिशवर घरात खरंच चर्चा झाली. लाल, दगडावर बसून डोळे फिरवणारा तो मासा लेकीला फार आवडला होता. पण तो श्रिम्प खातो आणि अंगाने बारीक माशांवर धावून जातो. श्रिम्प घ्यायचे ठरले होते, फ्लॅशर यायचे होते, म्हणून तो गेला. तिच्या नावाने टोमिनी टँग हा मासा घ्यायचं ठरलं.

नवा क्रम

तळ आधी बदलला. जुना क्रश्ड कोरल एकदम न काढता थोडा थोडा सायफनने काढून, टाकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बारीक ॲरॅगोनाइट वाळू सहा सेंटिमीटर भरली. मागे दगडांखाली जुनाच तळ. सगळीकडे खोल वाळू लागत नाही. मासा आपला कोपरा शोधून घेतो.

वर झाकण. हे मी टाकी पाहायच्या आधीच सांगतो, मासा कोणताही असो. फेअरी आणि फ्लॅशर उडी मारण्यात पटाईत. दिवे एकदम बंद झाले, कुणी दार आपटलं, रात्री वीज जाऊन पंप थांबले की झाली उडी. अर्धा इंच भोकांची प्लास्टिकची जाळी पुरत नाही, फ्लॅशर त्यातून आरामात जातो. सहा मिलिमीटरची पारदर्शक जाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवली, आणि तारा-पाइपांच्या खाचांना वेगळे तुकडे. ओव्हरफ्लोवरही.

क्वारंटाइनसाठी साठ लिटरची वेगळी टाकी होतीच. फेअरी-फ्लॅशरला लपायला पीव्हीसीचे एल्बो पुरतात. कोरिससाठी प्लास्टिकच्या डब्यात सिलिका वाळू; औषध म्हणून तांबं वापरायची वेळ आली तर ॲरॅगोनाइट ते शोषून घेते आणि मात्रेचा अंदाज चुकतो.

मग एकेक. सगळ्यांत आधी पॉसम रॅस, कारण तो यादीतला सगळ्यांत भित्रा आणि दगडांच्या अंधारात राहणारा. त्याला आपल्या फटी निवडायला वेळ मिळाला. त्यानंतर मॅकॉस्कर फ्लॅशरचा नर आणि मादी, दोघं एकाच वेळी. फ्लॅशरचा नर संध्याकाळी मादीपुढे पर उभारून, रंग पेटवून जो नाच करतो त्यासाठीच तो घ्यायचा; एकटा ठेवला तर रंग हळूहळू मावळतो. मग संपात पाहुणचार घेत असलेला येलो कोरिस वर आला. त्याचा पर एव्हाना भरून आला होता. पहिल्या रात्रीच वाळूत गेला आणि सकाळी स्वतःहून निघाला. परदेशातून थेट आलेले वाळूवाले मासे पुष्कळदा कित्येक दिवस वर येत नाहीत, त्यांचं घड्याळ त्यांच्या समुद्राच्या वेळेवर चालत असतं. तेव्हा वाळू उकरून 'मेला का' बघणं हा सगळ्यात वाईट उपाय. याच्या बाबतीत तो प्रश्न आला नाही.

चौथा सोलर फेअरी रॅस, नर, फ्लॅशरपेक्षा स्पष्ट मोठा. तो भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीत काही दिवस टाकीतच टांगून ठेवला. बाहेरच्यांनी येऊन पाहिलं, फ्लॅशर नराने दोनदा पर उभारले, मग खाण्याच्या वेळी सगळे पेटीभोवती जमू लागले, तेव्हा दार उघडलं. सोडल्यावर पहिल्या दिवशी त्याने फ्लॅशरच्या नराला दोन-तीनदा पळवलं, पण पाठलाग एखाद्या फुटावर थांबायचा. मी एवढंच बघायला सांगतो : पळणारा मासा पुढच्या खाण्याला बाहेर येतो का. येत असेल तर ते घरातलं भांडण आहे, हात घालू नये. येत नसेल, किंवा पर फाटले असतील, तर त्याच संध्याकाळी पेटी परत.

टँग शेवटी. टँग रॅसशी सहसा भांडत नाही, पण आधी आला तर येणाऱ्या प्रत्येकाला शेपटीचं पातं दाखवतो.

खाणं दिवसातून तीनदा, थोडं थोडं : मायसिस, माशांची अंडी, मधूनमधून समृद्ध केलेली ब्राइन श्रिम्प. फेअरी-फ्लॅशरची मुळातली सवय दिवसभर प्लवक टिपत राहायची आहे. एकदाच भरपूर घातलं तर दांडग्यांचं पोट भरतं आणि नायट्रेट वाढतं. मित्राच्या एक्सेलमध्ये नायट्रेट खरंच वर गेलं. स्किमरचा कप रोज धुवायला सुरुवात केल्यावर खाली आलं.

एक मासा मात्र गेला. फ्लॅशरची मादी. प्लंबर आला तेव्हा जाळीची चौकट दुपारभर बाजूला काढून ठेवली होती, आणि ती संध्याकाळी टीव्हीच्या मागे सापडली.

त्यामुळे आता पुन्हा खरेदीचा प्रश्न आहे. फ्लॅशरचा नर रंग राखून आहे, बहुधा सोलर फेअरीला दाखवण्यासाठी पर उभारतो. सोलरचा नर मात्र थोडा फिका पडला आहे. मित्राच्या मनात वेगळ्या जातीचा दुसरा फेअरी नर आणायचं आहे, म्हणजे चुरस वाढेल. माझं म्हणणं, ३८० लिटरमध्ये चुरस पुरेशी आहे. फ्लॅशरची मादी भरून काढा आणि सोलरला त्याच्याच जातीची छोटी मादी द्या. अडचण अशी की फेअरी रॅसच्या माद्या आणि पिल्लं जातीजातींत फारशी वेगळी दिसत नाहीत : लालसर अंग, शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका. 'सोलर मादी' म्हणून भलतीच जात गळ्यात पडते, किंवा मादी म्हणून आणलेला मासा नर होण्याच्या वाटेवर असतो आणि काही महिन्यांनी घरात दोन नर. विक्रेत्याने एक फोटो पाठवला आहे, पण त्यात माशाची शेपटी पिशवीच्या घडीत गेली आहे. बाजूने, पर उघडे असतानाचा दुसरा फोटो मागवला आहे. तो येईपर्यंत पैसे पाठवू नको, असं मित्राला सांगून ठेवलं आहे.